ट्रॅक्टरपासून इंग्रजी

गळीत हंगाम आटोपला की आम्हाला चार दिवस मोकळे मिळतात. यंदा ते वेवजीला काढले. तलासरी तालुक्यातले हे गाव गुजरातच्या हद्दीला अगदी चिकटून आहे. आपल्या शेतकी विभागातून निवृत्त झालेले एक सहकारी तेथे मुलाकडे असतात. त्यांची नात बारावीत आहे, एन.डी.ए.च्या प्रवेश परीक्षेला बसायचे म्हणते. (मुलींना ही परीक्षा २०२१ पासून खुली झाली, हे सभासद बंधु-भगिनींनी ध्यानात ठेवावे.)

पोरगी गणितात पक्की, पण इंग्रजीने हबकलेली. ९०० गुणांच्या लेखी परीक्षेत इंग्रजीचे २०० गुण. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. जाड पुस्तकातले ३० शब्द रोज पाठ करी नि तिसऱ्या दिवशी विसरे. "काका, माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी फॉर्मच भरत नाही," म्हणाली. आजोबा गप्प. एरवी हा माणूस गप्प बसणारा नव्हे!

आम्ही विचारले, "ट्रॅक्टर म्हणजे काय गं?" ती हसली. लॅटिन भाषेत 'ओढणे' अशा अर्थाचा एक धातू आहे. ओढतो तो ट्रॅक्टर. मन ओढून घेणे ते अट्रॅक्ट, लक्ष भलतीकडे ओढणे ते डिस्ट्रॅक्ट, उसातून रस ओढून काढणे ते एक्स्ट्रॅक्ट, आणि वजाबाकीचे सबट्रॅक्टही त्यातलेच. तोडणी-वाहतुकीचे कॉन्ट्रॅक्टसुद्धा याच घरचे. दोघांना एकत्र ओढणारे.

मग आजोबांनाच चेव आला. "ऑडिट?" त्याचे मूळ ऐकणे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचीत आणि तपासणारा ऐके. (वार्षिक सभेत हिशेब कोण ऐकतो, तो प्रश्न वेगळा.) त्यावरून ऑडियन्स, ऑडिबल. क्रेडिट सोसायटीतल्या क्रेडिटचे मूळ विश्वास. क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, पण क्रेड्युलस म्हणजे कशावरही विश्वास टाकणारा, भोळा. परीक्षक नेमका इथेच खड्डा खणतो. तेव्हा मुळावरून अर्थ ताडावा, पण डिक्शनरी पाहिल्यावाचून वहीत उतरवू नये. पुढे 'इन' लागला की अर्थ उलटतोच असेही नाही. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल!

वहीत नुसता मराठी अर्थ लिहून भागत नाही. घरातले, शेतातले एखादे वाक्य आपले आपण करावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने पान झाकून आठवावे. रोज ५ शब्द पुरेत. घरी मराठी, मैत्रिणींशी वारली, हद्दीपलीकडच्या दुकानात गुजराती बोलणाऱ्या पोरीला चौथ्या भाषेची भीती कशाला?

आम्ही निघालो तोवर फॉर्म कोराच होता. परवा आजोबांचा फोन आला, फॉर्म गेला म्हणून. मध्येच तिने फोन ओढून घेतला. "काका, मळी नि साखर वेगळी करणारं ते सेंट्रिफ्यूगल मशीन, म्हणजे केंद्रापासून पळणारं ना? मग फ्युजिटिव्ह आणि रेफ्युजी त्याच्याच घरचे!"

आम्ही डिक्शनरी काढली. पोरीचे बरोबर होते.