सायकलवरचा मुलगा मोठा का झाला?

कामगार चळवळीतल्या माणसाने व्यासपीठावर येऊन वेतनकरारावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. पण आज आम्ही एका मुलाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव बनेश फेणे. सारा महाराष्ट्र त्याला ‘फास्टर फेणे’ म्हणून ओळखतो.

भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) हा मुलगा मराठीला दिला. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल भन्नाट पिटाळतो आणि जिभेने ‘ट्टॉक्’ करीत संकटात उडी घेतो. पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो दूरदर्शनच्या मालिकेत आला. सुमीत राघवन या त्या वेळच्या कोवळ्या मुलाने ती भूमिका केली. आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात फेणे झाला अमेय वाघ, म्हणजे शाळकरी मुलगा नव्हे, तर वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायला पुण्यात आलेला तरुण.

आता प्रश्न असा, की हा मुलगा मोठा का झाला?

आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर हिशेबात आहे. पुस्तक वाचनालयातून फुकट मिळते. एक प्रत पन्नास मुले वाचतात. आमच्यापर्यंत फेणे असाच आला, कोपरे दुमडलेल्या पानांतून. दूरदर्शनची मालिका सरकारी खर्चाने चाले. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून पाहिली तरी पैसे पडत नसत. चित्रपटाचे तसे नाही. त्याला तिकिटाच्या खिडकीवर आपला खर्च वसूल करावा लागतो, आणि मुलांच्या खिशात पैसे नसतात. पैसे असतात आईबापांकडे, म्हणजे तीस वर्षांपूर्वी ती मालिका पाहणाऱ्या मुलांकडे. ती मुले मोठी झाली, तसा त्यांचा नायकही मोठा झाला. यात कोणाची लबाडी नाही. बाजाराची रीतच ही.

चित्रपट वाईट आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दिलीप प्रभावळकरांनी त्यात खुद्द भागवतांच्या नावाचे पात्र रंगवले आहे. लेखकाने आपल्या मानसपुत्राला घरात आसरा द्यावा, ही कल्पना गोड आहे. रस्त्यावर वाढलेले एक चलाख पोरही त्यात आहे. सगळ्यात जास्त हशा तेच पिकवते. आणि विषय काय घेतला? प्रवेश परीक्षेतला काळाबाजार आणि त्यात गेलेला एका विद्यार्थ्याचा जीव. सात वर्षांनी, २०२४ साली, ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका पाटणा आणि हजारीबाग येथे फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा ही कथा अतिशयोक्त होती असे कोण म्हणेल? दुर्गापूर किंवा घुग्घुसच्या खाणीत बाप रात्रपाळी करतो, ती मुलीच्या शिकवणीच्या फीसाठी. फुटलेली प्रश्नपत्रिका त्या रात्रपाळ्यांची चोरी असते.

तरीही दहा वर्षांच्या मुलाचा हक्क शिल्लक राहतोच. त्याला त्याच्याच वयाचा, त्याच्याच भाषेत हसणारा नायक पडद्यावर कोण देणार? भागवतांच्या एका पुस्तकाचे नाव ‘जंगलपटात फास्टर फेणे’ असे आहे. शहरातल्या मुलाला जंगल म्हणजे साहस. आमच्या जंगलातल्या मुलाला जंगल म्हणजे मोहफूल, तेंदूपान आणि वाघाच्या भीतीने अंधारापूर्वी घर गाठणे. त्याच्यावर विनोदी चित्रपट कोणी काढावा? आणि काढलाच, तर एटापल्ली–भामरागडकडच्या पोराला तो शहरात येऊन पाहायचा म्हणजे तिकिटाआधी एस.टी.चे भाडे आले.

हे काम बाजाराचे नाही, हे देशाने एकदा ओळखले होते. १९५५ साली बालचित्र समिती स्थापन झाली ती याचसाठी. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. पाटी बदलली म्हणून जबाबदारी संपत नाही. ती आता महामंडळाकडे आहे.

आणि सारेच सरकारवर टाकावे, असेही नाही. धानाची कापणी झाली, की आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात. आजी, सून, कडेवरचे पोर, सारे घर एकत्र बसून हसते. वडशाच्या नाटक मंडळ्यांना कुटुंबाचे हसू कशाने फुलते ते शिकवावे लागत नाही. त्या मंडळ्यांनी हंगामात एक प्रयोग मुलांसाठी करावा, त्यात नायक मूलच असावे, आणि आपल्या संघटनांनी त्या प्रयोगाची तिकिटे विकत घेऊन ती शाळांतून वाटावीत.

आम्ही आयुष्यभर आठ तासांच्या कामासाठी भांडलो. उरलेल्या वेळात बापाने मुलाशेजारी बसून हसावे, यासाठीच ना ते भांडण होते?