अर्धा स्वयंपाक आधीच

दिवाळीचा फराळ म्हणजे मराठी घरातला वर्षातला सर्वांत मोठा आगाऊ स्वयंपाक. चार दिवस कढई तापते, डबे भरतात आणि पुढे पंधरवडाभर अवचित कुणी आलं तरी धांदल उडत नाही. फराळ संपला की त्याच घरात रोज संध्याकाळी चपला काढता काढता प्रश्न येतो, ‘आज काय करायचं?’ लोकलमधून नाहीतर वाहतुकीच्या कोंडीतून सुटून आलेले आईबाप, भुकेनं किरकिरणारं मूल आणि रिकामा ओटा. मग हात मोबाइलकडे जातो. बाहेरून मागवलेल्या त्या एका जेवणाच्या पैशांत घरातली आठवड्याची कडधान्यं आली असती.

यावर हल्ली सुचवला जाणारा उपाय म्हणजे रविवारी आठवडाभराचं जेवण शिजवून फ्रीजमध्ये भरायचं. आपल्या जेवणाला तो फारसा मानवत नाही. पोळ्या वातड होतात, भाज्यांना पाणी सुटतं आणि बुधवारपर्यंत मुलं ताटाकडे बघेनाशी होतात. आपल्या स्वयंपाकघराची जुनी रीत वेगळी आहे. भाजणी, कूट, वाटण, मोड आलेली कडधान्यं हे सगळे मध्येच थांबवलेले पदार्थ आहेत. भाजणं, दळणं, भिजवणं, वाटणं ही वेळखाऊ कामं आधी उरकून ठेवलेली असतात. ऐन वेळी उरते ती फोडणी आणि उकळी, म्हणजे वीसेक मिनिटांचं काम.

कोरडे डबे

सुरुवात थालीपिठाच्या भाजणीपासून करावी. घरोघरी प्रमाण बदलतं. एक सोपं प्रमाण असं: ज्वारी आणि बाजरी दोन-दोन वाट्या, तांदूळ आणि हरभरा डाळ एक-एक वाटी, उडीद डाळ आणि गहू अर्धी-अर्धी वाटी, अर्धी वाटी धणे, दोन चमचे जिरे. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा भाजायचा, गार झाला की गिरणीतून दळून आणायचा. भाजण्यामागे चवीइतकंच टिकण्याचंही कारण आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो आणि त्याचं विघटन करणारं विकरही असतं, म्हणून कच्च्या बाजरीचं पीठ थोड्याच दिवसांत कडू पडतं. भाजल्यानं ते विकर निकामी होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात भाजणी दोन महिने सहज टिकते.

कांदा, मेथी किंवा किसलेला दुधी घालून तिचं थालीपीठ लावावं. थापण्याचंही त्राण नसेल त्या दिवशी मोकळ भाजणी करावी. कांद्याच्या फोडणीत भाजणी परतायची, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून वाफ काढायची. चकलीची भाजणी उरली असेल, तर कांदा-कोथिंबीर घालून तिचीही थालीपिठं होतात.

दुसरा डबा कुळथाच्या पिठाचा. कोकणातल्या घरांत तो असतोच, देशावरच्यांनीही ठेवावा. लसणाची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, तिखट-मीठ आणि पाण्यात कालवलेलं पीठ. भात शिजेपर्यंत पिठलं तयार. तिसरा मेतकुटाचा. मऊ भात, तूप आणि मेतकूट हे जेवण आजारी माणसाचं मानलं जातं, पण दमलेल्यालाही ते तितकंच लागू पडतं. चौथा शेंगदाण्याच्या कुटाचा. दाण्यात तेल असल्यामुळे कुटाला उन्हाळ्यात लवकर खवट वास येतो, म्हणून ते थोडंच करावं किंवा फ्रीजमध्ये ठेवावं.

ओला साठा

मटकी किंवा मूग शनिवारी सकाळी भिजत घालावेत, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधावेत. रविवारी सकाळपर्यंत मोड दिसतात. थंडीत आणखी काही तास लागतात. वाटीभर कोरड्या मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, आणि चौघांच्या उसळीला तेवढी पुरते. मोड आलेलं कडधान्य कोरडं करून डब्यात भरलं, तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं.

सोबत हवं वाटण. उभा चिरलेला कांदा आणि सुकं खोबरं तेलावर खरपूस भाजायचं, आलं-लसूण घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. वड्या सुटल्या की पिशवीत भराव्यात. दोन वड्या आणि कांदा-लसूण मसाला एवढ्यावर उसळ किंवा अंड्याचा रस्सा होतो.

तुरीची डाळ एकदाच जास्त शिजवून, घोटून, घट्टच ठेवावी. पहिल्या रात्री तिचं साधं वरण. दुसऱ्या रात्री गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून आमटी. तिसऱ्या रात्री तशाच आमटीत कणकेच्या पातळ लाटलेल्या वड्या सोडून चकोल्या, म्हणजे विदर्भातली वरणफळं. पोळी, भाजी, भात वेगळं काही लागत नाही आणि घासायला पातेलंही एकच. दर वेळी लागेल तेवढीच डाळ काढून घ्यावी. पूर्ण भांडं पुन्हा पुन्हा गरम-गार करू नये.

इडलीचं पीठ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. पहिल्या दिवशी इडली करावी, आंबटपणा वाढला की कांदा-टोमॅटो घालून उत्तप्पा.

काय साठवू नये

शिजलेला भात साठवून फारसा फायदा नाही. कुकरला तो झटपट होतो आणि शिळ्या भाताला धोका मात्र आहे. बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानंही जाईलच असं नाही. फोडणीच्या भातासाठी ठेवायचाच असेल, तर पसरून तासाभरात गार करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

बाकी शिजवलेलं अन्नही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. मोठ्या पातेल्यापेक्षा उथळ डब्यांत ते लवकर गार होतं. काढल्यावर वाफा येईपर्यंत गरम करावं. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. वीज बराच वेळ गेली आणि गोठवलेलं वाटण पूर्ण वितळलं, तर ते पुन्हा गोठवू नये. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे भर कोरड्या डब्यांवरच द्यावा.

डबे कुणी भरायचे?

ही सगळी तयारी एकाच माणसाच्या अंगावर पडली, तर रविवारही कामाचा वार होतो. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर पुरुष ९७. शिवाय घरकामात हात घालणारे पुरुष मुळात चारांतला एक. म्हणून आगाऊ स्वयंपाकाचा खरा उपयोग वेळ वाचवण्यापलीकडचा आहे. पूर्ण स्वयंपाक ज्याला येत नाही, त्यालाही उरलेला अर्धा जमतो. वड्या विरघळवणं, मटकीला फोडणी देणं, भाजणी परतणं हे महिनाभरात कुणीही शिकेल.

अट एवढीच, की घरातलं ज्ञान एकाच डोक्यात राहू नये. डब्यांवर नाव आणि तारखेची पट्टी चिकटवावी. फ्रीजच्या दारावर आठवड्याचा कागद लावावा: सोमवार मटकी, मंगळवार आमटी, बुधवार चकोल्या. भाजणं एकाकडे, गिरणीची फेरी दुसऱ्याकडे, लसूण सोलणं मुलांकडे. एका रविवारी सगळं करायला जाऊ नये. या आठवड्यात भाजणी आणि मटकी, पुढच्या आठवड्यात वाटण. आणि संध्याकाळी जो आधी घरी पोचेल, त्यानं कागद वाचून कुकर लावावा.