बोलता न येणाऱ्यांचे पोट आणि झोप

वर्गातील एखादा मुलगा एकाएकी बाकावर डोके आपटू लागतो, शेजाऱ्याला चावतो किंवा दुपारच्या तासाला नुसता पेंगत राहतो. तो स्वमग्न आहे अथवा अतिचंचल आहे, हे शिक्षकांना ठाऊक असते. आणि तेवढे ठाऊक असले की त्याच्या प्रत्येक वागण्याचे कारण हाती आल्यासारखे वाटते. या मुलाला चार दिवस शौचास झाले नसेल, आदल्या रात्री तो जेमतेम तीन तास झोपला असेल, ही शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्याला पोट दुखते हे तोंडाने सांगता येत नाही, तो ते हातापायांनी सांगतो. आणि आपण त्याला खोड म्हणून मोकळे होतो.

मेंदूच्या वाढीतील विकारांची चर्चा आपल्याकडे बोलणे, शिकणे आणि वागणे यांभोवतीच फिरते. या मुलांच्या घरांत मात्र दिवस मोजला जातो तो शौचावर आणि रात्र मोजली जाते ती जागरणावर. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेची तक्रार असते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या सांगतात. बद्धकोष्ठताही त्यांच्यात इतर मुलांपेक्षा अधिक आढळते. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांत हालचाल कमी आणि स्नायूंवरील ताबा अपुरा असल्याने ती वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. प्रश्न मूठभर घरांचाही नाही. देशातील पाच ठिकाणी केलेली एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्या ठिकाणांत उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे दर आठ मुलांमागे एकाला अशा विकारांपैकी निदान एक तरी असल्याचे तीत दिसून आले. त्या मोजणीत दृष्टी व श्रवण यांतील दोषही धरले होते, हे ध्यानात घेतले तरी आकडा लहान ठरत नाही.

या दोन जुन्या दुखण्यांवर अलीकडे एक नवा उपाय पुढे येत आहे. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही. त्वचेवर चिकट पट्ट्या लावायच्या आणि त्यांतून अतिशय सौम्य विद्युत्प्रवाह सोडून मज्जातंतूंच्या कामाला वळण लावायचे, अशी ही पद्धत आहे. तिची टवाळी करणे जितके सोपे, तितकेच तिच्यामागे धावत सुटणेही सोपे. दोन्ही टाळून तिचा विचार व्हावयास हवा.

आतड्याचे घड्याळ

ही कल्पना निराधार नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे आहे आणि बरेचसे काम ते मेंदूला न विचारता उरकते. त्यावर देखरेख दोन बाजूंनी असते. मेंदूच्या तळातून निघणारी ‘व्हेगस’ ही नस मोठ्या आतड्याच्या अर्ध्याहून अधिक भागापर्यंत पोहोचते. उरलेल्या भागाचा कारभार कमरेखालच्या मणक्यांतून निघणारे तंतू पाहतात. शिवाय मोठ्या आतड्याला वेळेचे भान असते. रात्री ते बव्हंशी शांत राहते. सकाळी जाग आल्यावर आणि जेवणानंतर त्याची हालचाल वाढते. ज्या मुलाची रात्र विस्कटली त्याची सकाळही विस्कटते, आणि ज्याचे पोट तटतटलेले आहे त्याला रात्री झोप कशी लागावी? दोन तक्रारी दोन निरनिराळ्या डॉक्टरांकडे नेल्या जातात. मुलाच्या शरीरात मात्र त्या एकाच धाग्याने बांधलेल्या असतात.

या विषयातील महत्त्वाचे काम ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाले. मूत्राशयाच्या विकारांवर विजेचे उपचार करताना काहींना पातळ शौचास होते, असे आढळले होते. एका ठिकाणी जो दुष्परिणाम, तो दुसऱ्या ठिकाणी उपचार का ठरू नये, असा विचार तेथील बालशल्यचिकित्सक व भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी केला. पोटावर दोन आणि पाठीवर दोन पट्ट्या लावून दोन प्रवाह शरीरात एकमेकांना छेदतील अशी योजना त्यांनी केली. औषधांना दाद न देणाऱ्या आठ मुलांवरील पहिला लहान प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सात मुलांचे कपडे खराब होणे थांबले. पुढे आठवड्यातून तीन वेळा, वीस मिनिटांप्रमाणे, उपचार देऊन आतड्याची गती मोजण्यात आली आणि ती वाढल्याचे दिसले. नंतर बॅटरीवर चालणारे यंत्र घरी देऊन पालकांकरवीही हा उपचार करून पाहण्यात आला.

आशा आणि पुरावा

येथे थांबून विचार केला पाहिजे. २०१६ साली ‘कॉक्रेन’ या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या वतीने या उपचाराचा आढावा घेतला गेला, तेव्हा कसोटीस उतरणारा एकच प्रयोग हाती लागला. त्यात मुले होती ४६. त्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असेच आढाव्याने सांगितले. शिवाय मेलबर्नची मुले मंदगती आतड्याची होती. स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांवर तोच उपचार तसाच चालेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

झोपेची कथाही अशीच आहे. व्हेगस नसेची एक फांदी कानाच्या पाळीवरील खोलगट भागात येते. तेथे प्रवाह देऊन प्रौढांचा निद्रानाश कमी होतो का, याचे प्रयोग चीनमध्ये व अन्यत्र झाले आणि त्यांतील काही उत्साहवर्धक आहेत. मुलांच्या बाबतीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये एका यंत्राला परवानगी दिली. कपाळावर पट्टी लावून रात्री झोपेत वापरण्याचे हे यंत्र अतिचंचलतेसाठी आहे, आणि ते सात ते बारा वर्षांच्या, औषध न घेणाऱ्या मुलांसाठी आहे. ज्या प्रयोगाच्या आधारे परवानगी मिळाली त्यात ६२ मुले होती. त्याच्या नोंदवलेल्या दुष्परिणामांत गुंगी येणे आहे आणि झोप न लागणे हेही आहे. मज्जासंस्थेला बाहेरून ढोसणे ही दुधारी गोष्ट आहे, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

अशा उपचारांची परीक्षा करताना लटक्या उपचाराशी तुलना अपरिहार्य असते. पट्ट्या लावलेल्या, दिवा पेटलेला, पण प्रवाह नाही, अशा यंत्रानेही मुले सुधारल्यासारखी दिसतात. यात कोणी फसवणूक करत नसते. रोज ठराविक वेळी आई मुलाजवळ तासभर बसते, जेवणाच्या वेळा पाळल्या जातात, शौचाची नोंद ठेवली जाते. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. विजेचा वाटा किती आणि त्या तासभराचा किती, हे वेगळे केल्याखेरीज यंत्राला श्रेय देता येत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या मुलांपैकी अनेकांना स्पर्शच सोसत नाही. त्वचेवरील मुंग्या त्यांना असह्य होऊ शकतात आणि ‘पुरे’ म्हणण्याची सोय त्यांच्यापाशी नसते. त्यांच्यात अपस्माराचे प्रमाणही अधिक आहे. दुकानातून पट्टा आणून घरच्या घरी प्रयोग करणे म्हणूनच अविचाराचे होईल. थकलेल्या आईबापांच्या आशेवर चालणारा बाजार आपण पाहिलेला आहे. स्वमग्नतेवरील मूलपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाला २०२२ मध्ये सांगावे लागले, तोवर कितीतरी घरांनी पैसा घालवलेला होता.

यंत्राआधी काय?

मग काहीच करू नये काय? तसे मुळीच नाही. पोटावरील उपचारासारखा प्रवाह देणारी यंत्रे आपल्या रुग्णालयांच्या भौतिकोपचार विभागांत कंबरदुखीसाठी वापरली जातात. वैद्यकीय महाविद्यालयांनी मनावर घेतले, तर लटक्या उपचाराशी तुलना करणारे नीट आखलेले प्रयोग येथेच होऊ शकतील. परक्या देशातील निष्कर्षांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मात्र त्यात सामील होणाऱ्या मुलांकडून शुल्क घेतले जाऊ नये, हे पहिले पथ्य असावे.

तोवर जे निर्विवाद आहे ते तरी आपण करतो का? मळ साचून घट्ट झाला की त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो आणि मुलाचे कपडे खराब होतात. त्याला ते कळतही नाही. घरात त्याला जुलाब समजून उलटे औषध दिले जाते, शाळेत घाणेरडेपणा समजून शिक्षा होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारे औषध पुरेसा काळ देणे, जेवणानंतर पाय टेकतील अशा बैठकीवर दहा मिनिटे निवांत बसवणे, झोपण्याची वेळ आणि खोलीतील अंधार सांभाळणे, चालू असलेल्या औषधांपैकी कोणते पोट आवळते आणि कोणते झोप उडवते हे विचारणे, हे उपाय साधे आहेत आणि म्हणूनच दुर्लक्षित आहेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची यादी सातांवरून एकवीसांवर नेली व स्वमग्नतेला तीत स्थान दिले. त्या हक्काचा अर्थ प्रमाणपत्रापुरता राहू नये. शालेय आरोग्यतपासणीच्या तक्त्यात शौच आणि झोप यांविषयी दोन प्रश्न घालण्यास नवा कायदा लागत नाही. शाळेत आतून कडी लागणारे, पाणी असलेले, मुलाला मागताक्षणी उघडे असलेले शौचालय ठेवण्यासही नवे विज्ञान लागत नाही. ज्या मुलाला स्वच्छतागृहात जाण्यासाठी तास संपेपर्यंत थांबावे लागते, त्याच्या पोटावर कितीही पट्ट्या लावल्या तरी उपयोग काय होणार?

विजेचा हा उपचार उद्या खरा ठरेलही. तो ठरावा अशीच इच्छा कोणीही धरील. परंतु त्याचा लाभ त्याच मुलाला होईल, ज्याच्या दुखण्याची दखल आधी कोणीतरी माणसाने घेतली असेल. बाकावर डोके आपटणाऱ्या मुलाजवळ जाऊन, त्याच्या आईला ‘काल याला शौचास झाले होते का, रात्री झोपला होता का?’ एवढे विचारणे कोणत्याही शिक्षकाच्या आवाक्यात आहे. उपचाराची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.