जर्मनीत तंबूत राहायला जाताना

जर्मनीतल्या सर्व सोयींच्या कॅम्पिंगप्लाट्झवर गरम पाण्याचे शॉवर, भांडी घासायला सिंक, वॉशिंग मशीन, बऱ्याचदा छोटं दुकानही असतं. त्यामुळे अख्खा संसार गाडीत भरू नका.

अडतं ते विजेपाशी. तंबूजवळच्या खांबावर सहसा घरातला प्लग बसत नाही. निळा, गोल, तीन पिनांचा सीईई प्लग लागतो. त्याचा अडॅप्टर आणि उघड्यावर चालणारी 25 मीटरची रबरी केबल आधीच घ्या. केबल रिळावरून पूर्ण सोडा, कारण जास्त वीज ओढली तर गुंडाळीत उष्णता साठून ती वितळते. जोडणी अनेक ठिकाणी 6, 10 किंवा 16 अँपिअरची असते. 10 अँपिअर म्हणजे 230 व्होल्टला 2300 वॉट. इंडक्शनवर कुकर आणि शेजारी चहाची किटली एकदम लावली की वीज गेलीच! वरणभातासाठी गॅसची छोटी शेगडी उत्तम. मात्र ती तंबूत कधीही पेटवू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत तो जीव घेतो.

श्वार्झवाल्डमध्ये टिटिझे तलावाकाठी जुलैतही रात्री गारठा पडतो. जाड स्लीपिंग बॅग हवीच, पण अंगाखालची चटई त्याहून महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून चढते. शॉवरसाठी रबरी चपला आणि सुटी युरो नाणी ठेवा. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, म्हणून दूध, दही, भाजी शनिवारीच घ्या.