सात रोड गायी आणि केडगाव

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणून आपण स्वप्नाचा विषय मोडीत काढतो. मिसरच्या फारोला ते जमले नाही. नदीतून सात धष्टपुष्ट गायी वर आल्या, मागोमाग हाडे निघालेल्या सात आल्या आणि त्यांनी आधीच्या गायी गिळून टाकल्या. बायबलातील उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायात फारो योसेफाला हे सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगतो: एवढे खाऊनही त्या गायी पहिल्यासारख्याच रोड दिसत होत्या. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

स्वप्नाचा अर्थ सांगायला योसेफाला तुरुंगातून आणले होते. वय तीस. अर्थ सांगणारा मी नव्हे, देव आहे, असे म्हणून त्याने सांगितले: सात वर्षे सुगी, मग सात वर्षे दुष्काळ. एवढ्यावर थांबता तर तो दरबारचा आणखी एक ज्योतिषी ठरला असता. पण त्याच दमात त्याने बंदोबस्तही सांगितला. पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढा, शहरोशहरी कोठारे भरा. आपल्या गावांतही अशीच धान्याची पेवे असत. जमिनीत खोल खड्डा, आत दाणे, तोंडावर दगड आणि माती.   योसेफाने सांगितलेले स्वप्नफळही असेच हाताने साठवायचे होते.

पुण्यात ही कथा रास्ता पेठेतल्या १९२१च्या सुक्कथ श्लोमो सिनेगॉगच्या परंपरेतही आहे. ज्यूंच्या वार्षिक तोरावाचनात फारोच्या स्वप्नांचा भाग बहुतेक वर्षी हनुक्काच्या शब्बाथला, म्हणजे दिव्यांच्या सणातल्या शनिवारी, येतो. बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या चरित्रांवर मराठी कीर्तनेही रचली.

पण या कथेचा जिवंत अर्थ मला सापडतो तो पुण्याहून सोलापूरकडे जाताना लागणाऱ्या केडगावात. तिथे मुक्ती सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७४च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. भुकेने आधी बळ जाते, मग लाज, मग आशा, हे त्यांनी अंगावर भोगलेले होते. १८९६-९७च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली गोळा करून आणू लागल्या. त्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. रमाबाईंची शारदा सदन ही संस्था १८९०पासून पुण्यात होती, पण प्लेगच्या बंधनांमुळे नव्या मुलींना तिथे जागा मिळेना. म्हणून त्या मुलींचे बिऱ्हाड केडगावच्या जमिनीवर हलले. १९००च्या सुमारास मुक्ती सदनात दीड हजारांच्या घरात माणसे होती. ती जेवली, शिकली, विणकामाला, शेतीला, छापखान्याला लागली.

आता योसेफाबद्दल एक अवघड गोष्ट. प्रवचनांतून ती बहुधा वगळली जाते. ४७व्या अध्यायात तो लोकांना कोठारातले तेच धान्य विकतो. आधी पैसे घेतो, मग गुरे, मग जमिनी, शेवटी माणसेच फारोची दास होतात. स्वप्न खरे ठरले, लोक वाचले, पण स्वतंत्र राहिले नाहीत. अर्थ बरोबर लागला म्हणून न्याय झालाच असे नाही, हे त्या ग्रंथाने लपवलेले नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. योसेफाच्या कोठारावर राजाची मालकी होती. केडगावचे दाणे देणगीतून आले आणि मोल न घेता वाटले गेले. दोघांचीही श्रद्धा खरी मानली तरी मला केडगावचा मार्ग मोठा वाटतो.

याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या. योसेफाची कथाही त्यात आली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचे पूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्यांत तिथेच वाढलेल्या मुली होत्या.