गोदाकाठचीं वर्तमानें

जगाच्या घडामोडी सांगणारीं वृत्तपत्रें सकाळीं घरोघर येऊन पडतात. नभोवाणीवरूनहि दिवसांतून अनेक वेळां बातम्या प्रसृत होतात. परंतु ज्या वस्तीचा संसार पाण्याच्या कांठीं चाललेला असतो, तिला या सर्व बातम्यांच्या आधीं एक लहानशी बातमी हवी असते. ती म्हणजे, आज पाणी कोठवर आलें आहे? मोठ्या जगाला या बातमीचें कांहींच मोल नाहीं. त्या वस्तीला मात्र तिच्यावांचून एक दिवसहि काढतां येत नाहीं.

हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. वेस्ट इंडीज बेटांतील किनाऱ्यावरच्या खेड्यांत जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम असतो. १ जुलै २०२४ रोजीं बेरिल नांवाचें चक्रीवादळ ग्रेनाडा देशाच्या कारियाकू या चिमुकल्या बेटावर आदळलें आणि तेथील बहुतेक घरांची वाताहत झाली. जगाच्या दृष्टीनें ती एका दिवसाची बातमी होती. बेटावरील माणसांस मात्र कोणाचें छप्पर राहिलें, पिण्याचें पाणी कोठें मिळेल, पुढची बोट केव्हां येईल, हीं वर्तमानें हवीं होतीं. आणि तीं देणारा शेजाऱ्यावांचून दुसरा कोण असणार? नाशिकला समुद्र नाहीं. पण गोदावरी आहे, आणि तिच्या घाटावर वसलेली वस्ती आपलीं वर्तमानें कशीं मिळवीत व सांभाळीत आली, हें पाहणें उद्बोधक आहे.

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूरचें धरण, सोमेश्वरचा धबधबा व आनंदवल्ली हीं ठिकाणें मागें टाकून नाशिक शहरांत शिरते आणि रामकुंडापाशीं दक्षिणेकडे वळते. या वळणामुळेंच त्या स्थळास दक्षिणवाहिनीचें माहात्म्य प्राप्त झालें. रामकुंडाचें बांधकाम १६९६ सालीं झाल्याचें सांगतात. डाव्या तीरावर पंचवटी, उजव्या तीरावर जुनें नाशिक, त्यांतील सराफ बाजार व भांडी बाजार. घाटावर तीर्थोपाध्याय आहेत, फुलें व पूजासाहित्य विकणारे आहेत, न्हावी आहेत, बुधवारच्या आठवडे बाजारांत भाजीपाला मांडणारे आहेत. एका मोठ्या शहराच्या पोटांत हें जणूं एक निराळें लहान गांवच आहे, आणि त्या गांवाला स्वतःची वार्तापद्धति आहे.

या पद्धतींतील पहिलें साधन दुतोंड्या मारुति होय. नदीच्या पात्रांत उभ्या असलेल्या या उंच मूर्तीला दोन्ही दिशांकडे मुखें आहेत. पावसाळ्यांत पाणी वाढूं लागलें म्हणजे घाटावरील माणूस कोणाला आंकडा विचारीत नाहीं. पाणी मारुतीच्या पायांशीं आहे, गुडघ्यांशीं आहे, कमरेला लागलें, छातीवर आलें, गळ्याशीं पोहोंचलें, या पायऱ्यांनीं सारें नाशिक पुराचें मान समजून घेतें. पाणी पायांशीं आलें तर खालच्या पायऱ्यांवरील दुकानें उठतात. कमरेला लागलें तर नदीलगतच्या गल्ल्या सावध होतात. गळ्याशीं आलें तर बाजारपेठेंतील व्यापारी माल माळ्यावर चढवूं लागतो. डोक्यावरून पाणी गेलें म्हणजे महापूर. लिहितांवाचतां न येणाऱ्या माणसासहि हें माप कळतें, कारण तें मनुष्यदेहाचें माप आहे. प्रत्येकाला आपली कंबर कोठें आहे हें ठाऊक असतें.

दुसरें साधन नारोशंकराची घंटा. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनीं १७४७ सालीं पंचवटीच्या बाजूस, नदीलगत, रामेश्वराचें देवालय बांधलें. त्याच्या तटावर टांगलेली प्रचंड घंटा ही चिमाजी आप्पांच्या १७३९ मधील वसईच्या विजयाची खूण आहे. पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिरासाठीं घडविलेली ही घंटा गोदेच्या तीरीं आली आणि कालांतरानें पुराचें वरचें माप होऊन बसली. पाणी घंटेपर्यंत आलें म्हणजे पूर असामान्य, असें घाटावरील जुने लोक मानीत आले आहेत.

आतां शास्त्रीय मोजमापाचा विचार करूं. धरणांतून सोडलेलें पाणी क्युसेकमध्यें सांगतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, अर्थात् सुमारें २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हटलें कीं दर सेकंदास जवळजवळ २ लक्ष ८३ हजार लिटर पाणी वाहतें. गंगापूर धरणाचा साठा ५,६३० दशलक्ष घनफूट धरला जातो. इतक्या वेगानें पाणी सतत सोडीत राहिलें व वरून नवें पाणी आलें नाहीं, तर भरलेलें धरण साडेसहा दिवसांत रिकामें होईल. एवढ्यावरून त्या आंकड्याचें गांभीर्य ध्यानीं येईल. परंतु विसर्ग दुप्पट झाला म्हणजे घाटावरील पाण्याची उंची दुप्पट होते, असें मात्र नाहीं. पाणी वाढलें कीं नदीचें पात्र रुंदावतें, प्रवाहाचा वेगहि वाढतो. त्यामुळें उंची त्या मानानें कमी चढते. उलट पात्रांत भर पडली, बांधकामें झालीं किंवा प्रवाहाला अडथळा आला, तर तेवढ्याच विसर्गाला पाणी अधिक उंच चढतें. गोदेच्या पात्रांत कांहीं वर्षांपूर्वीं घातलेल्या काँक्रीटवरून नाशिककरांत जो वाद चालत आला, त्याचें एक कारण हेंच. त्याच्याखालीं जुनीं कुंडें झांकलीं गेलीं, हें दुसरें.

म्हणून धरणावरचा आंकडा आणि मारुतीची कंबर या दोन निरनिराळ्या बातम्या आहेत. पहिली येऊं घातलेल्या पाण्याची, दुसरी आलेल्या पाण्याची. धरणाचे दरवाजे उघडल्यापासून पाणी घाटावर पोहोंचेपर्यंत जो अवधि जातो, तेंच बातमीचें खरें भांडवल आहे. त्या अवधींत वार्ता पाण्याच्या पुढें धांवली तर माल वांचतो, जनावर वांचतें, प्रसंगीं माणूसहि वांचतें. वार्ता मागें राहिली तर ती केवळ हानीचा वृत्तान्त होऊन बसते. शिवाय सगळें पाणी धरणांतूनच येतें असें नाहीं. धरणाखालच्या भागांत, खुद्द शहरांत, मोठा पाऊस झाला कीं सरस्वती नाल्याचें पाणी थेट सराफ बाजाराकडे लोटतें. अशा वेळीं धरणाची बातमी निर्धास्त करणारी असूनहि दुकानांत पाणी शिरूं शकतें. सारांश, एका बातमीवर विसंबणें घाटावरील माणसाला परवडत नाहीं.

१९६९ चा महापूर नाशिकच्या जुन्या पिढीच्या स्मृतींत कोरला गेला. त्यानंतर सप्टेंबर २००८ मध्यें, २ ऑगस्ट २०१६ रोजीं आणि पुन्हां ऑगस्ट २०१९ च्या आरंभीं गोदावरीनें बाजारपेठेचा उंबरठा ओलांडला. २००८ नंतर शहरांत पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येऊं शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, व शंभर वर्षांतून एकदां येऊं शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. यांतील ‘शंभर वर्षांतून एकदां’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदां चुकीचा घेतला जातो. एकदां पूर येऊन गेला कीं पुढें शंभर वर्षें निश्चिंती, असा तो नव्हे. दर वर्षीं तसा पूर येण्याचा संभव शंभरांत एक, एवढाच त्याचा आशय; तो लागोपाठ दोन वर्षेंहि येऊं शकतो.

२०१६ हें साल तर मोठें विलक्षण ठरलें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत, अवर्षणामुळें, रामकुंड कोरडें पडलें आणि भाविकांच्या स्नानासाठीं तेथें टँकरनें पाणी आणून ओतावें लागलें. त्यानंतर चार महिने पुरते लोटले नाहींत तोंच त्याच कुंडावरून पुराचा लोंढा गेला. ज्या नदीकांठीं एप्रिलमध्यें पाणी नाहीं ही बातमी होती, तेथेंच ऑगस्टमध्यें पाणी आवरेना ही बातमी झाली.

पाण्याप्रमाणेंच माणसांचींहि वर्तमानें घाटावर येतात, आणि तीं टिपून ठेवण्याची तेथील रीति फार जुनी आहे. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या त्या याच. एखादें कुटुंब अस्थिविसर्जनासाठीं वा श्राद्धासाठीं आलें कीं उपाध्याय गांव, आडनांव व कुळ विचारतात आणि नेमकी वही काढतात. तींत पूर्वीं येऊन गेलेल्या आज्या-पणज्याच्या हातचीं अक्षरें असतात. आलेला माणूस आपल्या घरांतील नवीन जन्म, विवाह व मृत्यु सांगतो; तीं नांवें जुन्या नांवांखालीं लिहिलीं जातात, आणि तो स्वाक्षरी करून जातो. एका घराण्याची ही वार्ता पिढ्यान् पिढ्या एकाच कागदावर वाढत राहते. वंशावळीचा वाद निघाला असतां अशा नोंदींचा आधार शोधला जातो, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु कागदाचा शत्रु पाणी, आणि वह्यांचें वास्तव्य मात्र नदीकांठीं! तेव्हां मारुतीच्या कमरेची बातमी ही केवळ दुकानदाराची नव्हे, दूरदूरच्या गांवांतील घराण्यांच्या स्मृतीशींहि तिचा संबंध पोहोंचतो.

घाटाला आनंदाचींहि वर्तमानें आहेत. रंगपंचमीला जुन्या नाशकांतील व पंचवटींतील राहाडी उघडतात. जमिनीखालचे हे दगडी हौद एरवीं बुजविलेले असतात. त्या दिवशीं ते रंगानें भरून तरुण मंडळी त्यांत उड्या घेतात. कोणती राहाड यंदा उघडणार, ही त्या दिवसांतील पेठेपेठेची बातमी. चैत्रांत कामदा एकादशीस राम व गरुड यांचे रथ निघतात. उन्हाळ्यांत नदीतीरीं वसंत व्याख्यानमाला भरते. १९२२ पासून चालत आलेल्या या व्याख्यानमालेनें घाटावरील माणसाला जगाची वार्ता त्याच्या दाराशीं आणून दिली. १९३८ सालीं ‘गांवकरी’ पत्र निघालें, तेव्हां नाशिकच्या बातमीला छापील घर मिळालें.

तथापि घाटाचें प्रत्येक वर्तमान सर्वांस सारखें सुखाचें नव्हतें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचीं दारें बंद होतीं. मिरवणूक तेथून गोदेच्या घाटाकडे वळली व तेथें सभा झाली. ९ एप्रिलला, रथाच्या दिवशीं, रथ ओढण्याच्या हक्कावरून दंगल उसळली. दादासाहेब गायकवाड व त्यांचे सहकारी यांनीं हा लढा पुढें कांहीं वर्षें चालविला. ज्यांना रथाला हात लावूं दिला जात नव्हता, त्यांचें वर्तमान या लढ्यानें साऱ्या देशाला ऐकूं गेलें. गांवाच्या वार्तेंत कोणाचें नांव येतें आणि कोणाचें येत नाहीं, यावरूनहि गांवाची पारख होते.

बातमी वेळेवर न पोहोंचल्याचें दुःखद उदाहरणहि याच परिसरांत घडलें. २७ ऑगस्ट २००३ रोजीं, सिंहस्थाच्या पर्वणीस, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्यु पावले. अशा गर्दींत पुढची रांग थांबली आहे हें मागच्यांस दिसत नाहीं. ते चालतच राहतात आणि त्यांचा भार पुढच्यांवर पडत जातो. पुढून मागें जाणारी ‘थांबा’ एवढी एकच वार्ता जर गर्दीच्या पावलांपेक्षां जलद गेली, तर अनर्थ टळूं शकतो. पाण्याच्या पुराचा जो न्याय, तोच माणसांच्या पुराचा.

आज प्रत्येकाच्या हातीं दूरध्वनि आहे आणि पुराचें छायाचित्र क्षणांत घरोघर पोहोंचतें. यामुळें वार्तेची गति वाढली. परंतु खरेपणा आपोआप वाढला असें म्हणतां येणार नाहीं. मागच्या कोणत्या तरी पुराचें चित्र आजचें म्हणून फिरूं लागलें, तर बाजार उगाच घाबरतो. आणि असें दोनचार वेळां झालें म्हणजे खऱ्या बातमीवरहि कोणी विश्वास ठेवीत नाहीं. याकरितां सुशिक्षित कुटुंबांनीं पुराचें वर्तमान पुढें धाडण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: हें कोठलें, केव्हांचें, आणि प्रत्यक्ष कोणी पाहिलें? धरणाचा आंकडा अधिकृत ठिकाणाहून घ्यावा, मारुतीचें माप घाटावरच्या माणसाकडून घ्यावें, आणि दोन्हीं ताडून पाहावीं. घरांतील मुलांस क्युसेकचा अर्थ सांगावा व एकदां नदीवर नेऊन निळी आणि लाल रेषा आपल्या आळींत कोठें येते तेंहि दाखवावें.

गोदाकांठच्या माणसानें आपल्या वार्तेची कसोटी फार पूर्वींच ठरवून ठेवली आहे. जी ऐकून कोणी तरी आपली टोपली एक पायरी वर उचलून ठेवतो, ती बातमी. बाकीच्या गोष्टी पाऊस उघडल्यावर बोलतां येतात.