यंत्रातून सुटलेलं टपाल

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, एका संगणकातून दुसऱ्या संगणकात निरोप धाडला, तेव्हा पत्त्यात त्यांनी ‘ॲट’चं चिन्ह घातलं. चिन्हाच्या अलीकडे माणूस, पलीकडे यंत्र. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं ही मांडणी अक्षरशः खरी राहिली. ईमेलचा पत्ता माणसाचा नसायचा, तो कुठल्या तरी यंत्राचा किंवा त्या यंत्राच्या मालकाचा असायचा. विद्यापीठातून बाहेर पडलात, पत्ता गेला. नोकरी सोडलीत, पत्ता गेला. इंटरनेट पुरवणारी कंपनी बदललीत, तरी तेच. पत्रं वाचायलाही आपलाच संगणक लागे. त्यावरचं खास सॉफ्टवेअर सर्व्हरवरची पत्रं उतरवून घेई आणि बहुतेकदा तिथली प्रत पुसून टाकी. म्हणजे पत्रं घरच्या टेबलावरच्या डब्यात आणि तुम्ही परगावी, असं झालं की संपलंच.

हे कोडं सोडवण्याच्या इराद्याने कोणी बसलं नव्हतं, याचंच मला सर्वांत जास्त नवल वाटतं.

सबीर भाटिया हा बंगळुरात वाढलेला, पिलानीच्या ‘बिट्स’मधून १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकला गेलेला मुलगा. पुढे स्टॅनफर्ड, मग ॲपल. तिथे त्याला जॅक स्मिथ भेटला. दोघे ॲपल सोडून एका छोट्या कंपनीत गेले आणि नोकरी सांभाळून स्वतःच्या धंद्याची आखणी करू लागले. त्यांच्या डोक्यात होतं वेबवर चालणारं वैयक्तिक माहितीचं कोठार. अडचण एकच होती: या गोष्टी बोलायच्या कशा? कंपनीच्या ईमेलवर बोलावं तर साहेबांच्या नजरेला पडायची भीती. स्वतःची खाजगी ईमेल खाती होती, पण कंपनीच्या फायरवॉलमुळे ती कामाच्या जागेवरून उघडत नव्हती. ब्राउझर मात्र चालत होता. वेबची पानं त्या भिंतीतून बिनबोभाट ये-जा करत होती.

मग पत्रच वेबचं पान होऊन आलं तर?

१९९५ च्या डिसेंबरात जॅक स्मिथ कामावरून घरी निघाला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरच्या डम्बार्टन पुलावर असताना त्याच्या मनात हे आलं आणि त्याने गाडीतल्या फोनवरून भाटियाला सांगितलं. भाटियाने त्याला तिथेच थांबवलं: फोन ठेव, घरी जा आणि तिथल्या सुरक्षित लाइनवरून मला परत फोन कर. पहिल्याच वाक्यात त्याला त्या कल्पनेचं मोल कळलं होतं आणि मोबाइलवरचं बोलणं कोणी ऐकेल एवढीही जोखीम त्याला नको होती.

त्या काळात ही कल्पना किती उलटी होती, ते आज जाणवणं कठीण आहे. तोवर बहुतेक वेब म्हणजे आधी लिहून ठेवलेली पानं होती. सर्व्हरवर एक फाइल असायची, जो मागेल त्याला तीच मिळायची. इनबॉक्सचं पान मात्र मागण्याआधी कुठेच नसतं. तुम्ही क्लिक करता, सर्व्हर तुमच्या पत्रांचा साठा उघडतो, कोणाकोणाची पत्रं आली ते पाहतो, ती यादी वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेत गुंडाळतो आणि फक्त तुमच्यासाठी, फक्त त्या क्षणापुरतं एक पान तयार करून पाठवतो. ‘उत्तर द्या’ म्हटलंत की उलट प्रवास सुरू होतो. तुम्ही चौकटीत टंकलेला मजकूर वेबच्या वाटेने सर्व्हरकडे जातो आणि तिथून पुढे ईमेलच्या जुन्याच, एसएमटीपी नावाच्या वाटेने जगात निघतो. पत्र मिळणाऱ्याला कळतही नाही की लिहिणाऱ्याच्या संगणकावर ईमेलचं काहीच सॉफ्टवेअर नव्हतं.

यात एक मोठी मेख होती. वेबच्या मूळ नियमांत स्मरणशक्तीच नाही. सर्व्हर तुमची एक मागणी पुरवतो आणि तुम्हाला विसरतो, पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी. बातमी वाचायची असेल तर याने काही बिघडत नाही, पण खाजगी पत्रं? जणू दर पावलाला नाव विचारणारा दारवान. उपाय निघाला तो ओळखीच्या चिठ्ठीचा. एकदा पासवर्ड दिला की सर्व्हर एक खूण देतो आणि ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर ती खूण पुढे करतो. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये या चिठ्ठीला ‘कुकी’ हे रूप दिलं. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत आपण जिथे जिथे लॉग-इन करतो, तिथे तिथे हीच युक्ती काम करते.

न्याय म्हणून सांगायला हवं की वेबवर ईमेल वाचण्याचे प्रयोग याआधीही झाले होते. इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या सीआरएस४ या संशोधन केंद्रात १९९५ च्या सुरुवातीलाच असा एक कार्यक्रम चालवून दाखवला गेला होता. पण तिथे तुमचा पत्ता आधीपासून कुठेतरी असावा लागे. जगातल्या कोणालाही फुकट नवा पत्ता देणं ही भाटिया-स्मिथ जोडीची झेप होती.

त्या झेपेला पैसे द्यायला कोणी चटकन तयार होईना. भांडवलदारांसमोर भाटिया आधी ते माहितीचं कोठारच मांडायचा. समोरचा माणूस विश्वासाचा वाटला तरच खरी कल्पना बाहेर काढायचा. अखेर ड्रेपर फिशर जर्वेटसन या संस्थेने १५ टक्के हिस्सा घेऊन तीन लाख डॉलर दिले. ‘मेल’ने संपणारी अनेक नावं तपासल्यावर ‘हॉटमेल’ निवडलं गेलं, कारण त्यात एचटीएमएलची चारही अक्षरं ओळीने येत होती. सुरुवातीला नावातली ती अक्षरं इंग्रजीतल्या मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहिली जात.

४ जुलै १९९६, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. साहेबाच्या आणि इंटरनेट कंपनीच्या तावडीतून पत्ता सोडवायला हा मुहूर्त मुद्दाम निवडला होता. दोघांनी जवळ बीपर ठेवले होते. दर तासाला किती लोक आले ते त्यावर कळे. पहिल्या तासात शंभर, दुसऱ्यात दोनशे, तिसऱ्यात अडीचशे. जाहिरात जवळपास नव्हतीच. पैसे देणाऱ्या संस्थेतल्या टिम ड्रेपर यांच्या आग्रहामुळे हॉटमेलवरून निघणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप चिकटू लागली: तुमचा फुकट ईमेल हॉटमेलवर घ्या. प्रत्येक पत्र आता निमंत्रणही झालं होतं, आणि ते ओळखीच्या माणसाकडून आलेलं. ‘व्हायरल मार्केटिंग’ हा शब्द पुढे सर्वत्र रूढ झाला, तो त्याच संस्थेतल्या स्टीव्ह जर्वेटसन यांनी हॉटमेलचा हा प्रसार सांगताना वापरला म्हणून.

जर्वेटसन यांनी लिहून ठेवलंय की एखाद्या विद्यापीठाच्या गावातून किंवा भारतातून पहिला वापरकर्ता उगवलेला दिसे आणि मग बघता बघता त्या भागातली संख्या झपाट्याने वाढे. भारतात आणि स्वीडनमध्ये एक पैसाही जाहिरातीवर न घालता हॉटमेल सर्वांत मोठी ईमेल सेवा बनली. स्वीडनचं कारण काय असेल ते असो, भारताचं कारण मला त्या रचनेतच दिसतं. व्हीएसएनएलने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई इथे १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा त्याची जोडणी हजारो रुपयांची होती. संगणक तर मोजक्याच घरांत. ज्या सेवेसाठी स्वतःचा संगणक, स्वतःचा फोन, स्वतःची जोडणी यांतलं काहीच लागत नाही, ती अशा देशासाठीच घडवल्यासारखी होती. सायबर कॅफेत तासाचे पैसे द्यायचे, ब्राउझर उघडायचा आणि जगातल्या आपल्या पत्त्यावर हजर व्हायचं. पुण्या-मुंबईची मुलं त्याच वर्षांत सॉफ्टवेअरच्या कामासाठी अमेरिकेला जात होती. मागे राहिलेले आई-वडील कॅफेतल्या पोराकडून शिकून त्यांना पत्रं लिहू लागले. देवनागरी अक्षरं तेव्हा पडद्यावर धड उमटायची नाहीत, म्हणून मराठी पत्रं रोमन लिपीत लिहिली जात. काळजी, रागावणं, जेवणाच्या चौकशा, सगळं त्या परक्या अक्षरांत. आणि हे सगळं दोन एमबीच्या जागेत! आजच्या फोनने काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

वर्ष-दीड वर्षात हॉटमेलचे वापरकर्ते लाखोंचे कोट्यवधी होऊ घातले. याहूने १९९७ च्या ऑक्टोबरात ‘रॉकेटमेल’ चालवणारी कंपनी विकत घेतली, त्यातून याहू मेल आलं. मायक्रोसॉफ्टने हॉटमेलला बोली लावली, भाटियाने नकार दिला, बोली वाढली, पुन्हा नकार. ३१ डिसेंबर १९९७ ला सौदा जाहीर झाला. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर, तीही मायक्रोसॉफ्टच्या शेअर्समध्ये. सेवा सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

मायक्रोसॉफ्टच्या हाती जे आलं, ते त्यांच्या विंडोजवर चालतच नव्हतं. हॉटमेलचे वेब सर्व्हर फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीवर उभे होते आणि ते विंडोजवर हलवायला त्यांना काही वर्षं लागली. एवढ्या मोठ्या इमारतीचे खिळे किती साधे असतात, तेही त्याच काळात दिसलं. १९९९ च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की ‘ईएच’ ही दोन अक्षरं पासवर्ड म्हणून दिली की कोणाचंही खातं उघडतं. तासांत दुरुस्ती झाली. त्याच वर्षीच्या नाताळात लॉग-इनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट या डोमेनचं नूतनीकरण मायक्रोसॉफ्टकडून राहून गेलं आणि लोकांना हॉटमेल उघडेना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातले ३५ डॉलर भरले, तेव्हा जगाचं टपाल पुन्हा चालू झालं.

१ एप्रिल २००४ ला जीमेल एक जीबी जागा घेऊन आलं आणि दोन एमबीचा जमाना एका दिवसात म्हातारा झाला. हॉटमेलने जागा वाढवली, रूप बदललं, नाव बदललं. २०१३ च्या मे महिन्यात शेवटचे वापरकर्तेही आउटलुक डॉट कॉमवर हलवले गेले. त्या वेळी खाती तीस कोटींहून अधिक होती, मात्र जुने हॉटमेलचे पत्ते तसेच चालू ठेवले गेले.

तुमचा किंवा घरातल्या कोणाचा असा जुना पत्ता अजून जिवंत असेल, तर आजच तो उघडून बघा. दीर्घकाळ न उघडलेली खाती पत्रांसकट पुसली जातात. कॅफेत बसून, रोमन लिपीत लिहिलेलं एखादं पत्र त्यात शिल्लक असेल, तर त्याची प्रत काढून घरी जपून ठेवा.